सरपंचताई लोकसभेला उभी राहते म्हणाली तेव्हा

ताई, अक्का, काकू, वहिनी, रानातून येऊन आत्ताच टेकलेल्या आणि चुलीपुढे बसून कान इकडे लावलेल्या सगळ्याजणींना बचत गटांच्या आम्हा समन्वयकांचा नमस्कार.

आज आम्ही आमची स्वतःचीच एक चूक सांगणार आहोत. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

आमच्या एका गावात ग्रामसंघाची महिन्याची बैठक होती. समाजमंदिरात सतरंजी टाकलेली, बचतीचे पैसे गोळा झाले, कर्जाचे हप्ते लिहून झाले. त्या गावच्या सरपंच आपल्याच एका गटाच्या सभासद. गावात त्यांना सगळे सरपंचताई म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. त्याच आठवड्यात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली होती. गेली पाच वर्षं पद बाईसाठी राखीव होतं, आता ते सर्वसाधारण झालं. एक काकू म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता घरचं बघ."

सरपंचताई म्हणाली, "घरचं कशाला? आता लोकसभेलाच उभी राहते की."

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "आणि भाकऱ्या कोण थापणार, पंतप्रधान?" पुन्हा हशा. मैत्रिणींनो, आम्हीही हसलो. हातात हजेरीचं रजिस्टर होतं आणि आम्ही हसत होतो. सरपंचताईही थोडं हसली, तिने सही केली आणि उठून गेली. पुढच्या महिन्यात ती बैठकीला आली नाही. निरोप आला की अंगात कणकण आहे.

परतीच्या एसटीत आम्ही एकमेकींना विचारलं. तिचा दीर असंच म्हणाला असता तर आपण हसलो असतो का? नसतो. चार बाप्ये म्हणाले असते, "बघा हो, पोरगा मोठा विचार करतोय." आपण बायकांना दशसूत्री शिकवतो, बँकेत न घाबरता बोलायला शिकवतो. आणि एक बाई स्वतःहून मोठं बोलली तर आपल्यालाच हसू येतं.

मग आम्ही ठरवलं की आधी माहिती काढायची. गावपातळीवर काम करणारी बाई थेट देशाच्या सभागृहासाठी उभी राहिली, असं आपल्या महाराष्ट्रात कधी झालंय का? आमच्यातल्या एकीने बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. तिला एक नाव आठवलं. तालुक्याच्या वाचनालयात जाऊन आम्ही बाकीचं वाचलं. ते नाव मृणाल गोरे यांचं.

तुमच्यातल्या वयस्कर बायकांना 'पाणीवाली बाई' आठवत असेल. त्याच या. गोष्ट मुंबईची आहे म्हणून आपली नाही असं समजू नका, कारण तिची सुरुवात ग्रामपंचायतीपासून आहे. आज गोरेगाव म्हणजे मुंबईच. पण पूर्वी ते महापालिकेच्या हद्दीबाहेर होतं आणि तिथे ग्रामपंचायत होती. मृणालताई डॉक्टरकी शिकत होत्या. ते शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. 1948 मध्ये केशव गोरे यांच्याशी त्यांचं लग्न झालं, तेही जातीबाहेर. दोघांनी गोरेगावात काम सुरू केलं आणि मृणालताई तिथल्या ग्रामपंचायतीत निवडून गेल्या.

1958 मध्ये केशव गोरे वारले. पदरात लहान मुलगी. अशा वेळी बाईला काय सल्ला मिळतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. मृणालताईंनी काम सोडलं नाही. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेच्या नगरसेविका झाल्या.

नगरसेविका म्हणून त्यांनी हातात काय घेतलं? पाणी. गोरेगावच्या वस्त्यांमध्ये नळ नव्हते. होते तिथे पाणी नव्हतं. बायका हंडे घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या. मृणालताईंनी त्याच बायकांना, त्यांच्या रिकाम्या हंड्यांसकट, अधिकाऱ्यांच्या दारात नेलं. एकदा नेऊन भागलं नाही, पुन्हा पुन्हा नेलं. पाणी यायला लागलं आणि लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. हे नाव पक्षाने दिलेलं नाही, लोकांनी दिलं.

1972 मध्ये त्या आमदार झाल्या. ते दुष्काळाचं साल. महागाई अशी की तेल, साखर, रॉकेल काही मिळेना. तेव्हा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या आणि महागाईविरुद्ध महिलांची समिती उभी राहिली. त्यात मृणालताई होत्या, कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर होत्या. हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत बायका रस्त्यावर आल्या. लाटणं मोर्चा म्हणतात तो हाच. यातल्या कितीतरी बायका त्याआधी घराबाहेर सभेलाही गेल्या नसतील.

पुढे जून 1975 मध्ये आणीबाणी आली. मृणालताई आधी भूमिगत राहून काम करत होत्या, मग पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. 1977 मध्ये लोकसभेची निवडणूक लागली. उत्तर मुंबईतून मृणालताई उभ्या राहिल्या. उत्तर मध्य मुंबईतून अहिल्याताई उभ्या राहिल्या. त्याही 1961 पासून महापालिकेत काम केलेल्या नगरसेविका. दोघीही निवडून आल्या. त्याच निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी हरल्या. तेव्हा लोकांच्या तोंडी एक घोषणा झाली होती, 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' आम्ही इथे कुठल्या पक्षाची बाजू घेत नाही. आम्हाला त्या घोषणेतला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो. नळासाठी भांडलेली बाई दिल्लीत पोचली.

आणि एक लक्षात घ्या. त्या वेळी बायकांसाठी राखीव जागा नव्हती. त्या दोघी खुल्या जागेवर लढल्या. आपल्याकडे आरक्षण फिरलं की आपण म्हणतो, 'जागा गेली.' कुठे गेली? सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांची जागा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. त्या जागेवर बाई अर्ज भरू शकते. भरत नाही, कारण कुणी म्हणत नाही की भर.

आता कुणी म्हणेल, हे जुन्या काळचं झालं. तर आजचं सांगतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 543 जागांवर 74 बायका निवडून आल्या. म्हणजे सात-आठ खासदारांत एक बाई. महाराष्ट्राच्या 48 जागांपैकी 7 जागांवर बायका आहेत. त्यांतल्या धुळ्याच्या शोभा बच्छाव नाशिकच्या महापौर होत्या. जळगावच्या स्मिता वाघ जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या. रावेरच्या रक्षा खडसे तर कोथळी गावच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषदेत गेल्या आणि 2014 मध्ये खासदार झाल्या. पक्ष वेगवेगळे आहेत. कुणाच्या घरात राजकारण आधीपासून होतं, हेही खरं. पण गावच्या सरपंचपदावरून लोकसभेत जाता येतं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, एवढं तर कळलं.

2023 मध्ये घटनादुरुस्ती झाली आहे. लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना राखीव ठेवायच्या असं त्यात आहे. जनगणना आणि नंतर मतदारसंघांची फेररचना झाल्यावर त्या जागा राखीव व्हायच्या आहेत. त्या दिवशी पक्षवाले उमेदवार शोधायला निघतील. कुठे शोधतील? आपण आधी तयार नसलो तर पुढाऱ्यांच्या घरातच शोधतील. ग्रामपंचायतीत हेच झालं होतं. खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

आता दुसरी बाजू. खासदार काय करतो, हे आपल्याला नीट माहीत आहे का? आम्ही गटांमध्ये विचारलं. उत्तरं आली: रस्ता करतो, हायमास्ट दिवा लावतो, लग्नाला येतो. खासदाराला वर्षाला 5 कोटींचा निधी सुचवता येतो, त्यातून दिवे लागतात हे खरं. पण त्याचं मुख्य काम कायदे करण्याचं आहे. आणि ते कायदे आपल्या घरात येऊन बसलेले आहेत.

रेशनकार्ड काढून बघा. घरातली वयाने सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. हे कशामुळे? 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यामुळे. बापाच्या जमिनीत लेकीला लेकाइतका वाटा आहे. महाराष्ट्राने हा कायदा 1994 मध्ये केला आणि 2005 मध्ये तो देशाला लागू झाला. नवऱ्याने मारहाण केली तरी बाईला घराबाहेर काढता येत नाही, तेही 2005 च्या कायद्यात आहे. हे सगळं ज्या सभागृहात ठरतं, तिथे आपल्यातली बाई असली पाहिजे की नको?

इथे तिसरं नाव सांगतो, प्रमिला दंडवते. त्याही आधी मुंबईत नगरसेविका होत्या. 1980 मध्ये उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेत गेल्या. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून होता, पण कागदावर. हुंड्यापायी सुना जाळल्या जात होत्या. प्रमिलाताईंनी तो कायदा कडक करण्यासाठी लोकसभेत विधेयक मांडलं. त्यावर चर्चा झाली, समिती बसली आणि 1984 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मृणालताई पुन्हा आमदार झाल्यावर त्यांनी विधानसभेत गर्भलिंग तपासणीविरुद्ध आवाज उठवला. 1988 मध्ये महाराष्ट्राने तिच्यावर बंदी घालणारा कायदा केला, देशात पहिला. देशाचा कायदा नंतर आला, 1994 मध्ये. ज्या बायकांनी वस्तीत घरोघरी फिरून दुःख पाहिलं होतं, त्यांनीच ते सभागृहात नेलं.

एवढं सगळं वाचून, वहीत लिहून, आम्ही सरपंचताईच्या घरी गेलो. ती गोठ्यात होती. आम्ही सांगितलं, "ताई, आम्ही हसलो, चुकलो."

ती म्हणाली, "हसलात त्याचं काही नाही. पण पाच वर्षांत मी काय केलं, ते एकीने तरी विचारलं का?"

मग तिने फळीवरून एक वही काढली. कुठल्या उन्हाळ्यात कुठल्या वस्तीवर टँकरच्या किती खेपा आल्या. पाणंद रस्त्याला कुणी हरकत घेतली आणि ती कशी मिटली. किती विधवांचे पेन्शनचे अर्ज तहसीलला अडकले आणि कोणत्या तारखेला सुटले. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती किती वेळा घेतली आणि किती वेळा कोरम भरला नाही. पाणीपुरवठ्याची नवी टाकी बांधून झाली पण दलित वस्तीला पाणी चढत नाही, तेही तिने लिहिलं होतं. ते काम आपल्याकडून राहिलं असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं.

आम्ही तिला म्हणालो, "ही वही घेऊन बैठकीला ये."

ती आली. त्या दिवशी बैठकीत आम्ही लोकसभेचा हिशेब फळ्यावर मांडला. तुम्हीही ऐका, कधी ना कधी उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीला उभं राहायला वय 21 लागतं, लोकसभेला 25. लोकसभेला शिक्षणाची अट नाही. सरकारी नोकरीत असेल तर आधी राजीनामा द्यावा लागतो, सरपंच किंवा सदस्य असेल तर उभं राहता येतं. अनामत रक्कम 25 हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 12 हजार 500. पडलेल्या वैध मतांच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त मतं नाही मिळाली तर अनामत जप्त. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक चालतो, अपक्षाला त्या मतदारसंघातले दहा मतदार सूचक लागतात. अर्जासोबत शपथपत्र द्यायचं. त्यात जमीन, दागिने, कर्ज, गुन्हे, सगळं लिहायचं. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात 95 लाख.

95 लाख ऐकून सतरंजीवर शांतता पसरली. आमच्या ग्रामसंघाची सगळी बचत धरली तरी त्याच्या जवळपास जात नाही. आणि मतदार किती? राज्याचे मतदार भागिले 48 केले तर एका मतदारसंघात सरासरी 19 लाखांच्या आसपास. सहा विधानसभा मिळून एक लोकसभा. सरपंचताईच्या गावात सगळे मिळून दीड हजार मतदार. अंतर केवढं आहे ते आम्ही लपवलं नाही. मृणालताईंनाही ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत वीस वर्षांहून जास्त लागली, मधे महापालिका होती, विधानसभा होती, तुरुंग होता.

एक वहिनी म्हणाली, "25 हजार आपण गटातून देऊ की. अंतर्गत कर्ज दाखवू." आम्ही सांगितलं, नाही. गटाचा पैसा बी-बियाण्याचा, दवाखान्याचा, शेळीचा आहे. तो उमेदवाराला द्यायचा नाही, कितीही आपली असली तरी. कुणाला द्यायचेच असतील तर तिने आपल्या पदराचे द्यावेत, उमेदवाराने ते हिशेबात लिहावेत. निवडणुकीत आपल्या गटांकडे सगळ्याच पक्षांचे लोक येतात. सभासदांची यादी मागतात, सभेला बायका भरून न्यायला गाडी पाठवतात, साड्या वाटतात. गट म्हणजे गर्दीचं गोदाम नव्हे. सरपंचताईसाठी नियम मोडला तर उद्या दुसऱ्याला नाही म्हणायला तोंड राहणार नाही. हे ऐकून सगळ्यांत आधी मान हलवली ती सरपंचताईनेच.

मग बायकांनी तिला प्रश्न विचारले. आम्ही ते लिहून घेतले, कारण ते कुठल्याही उमेदवाराला विचारता येतील, बाई असो की बाप्या. आत्तापर्यंत तू कुठलं काम शेवटाला नेलंस आणि कुठलं राहिलं? ज्यांनी तुला मत दिलं नाही त्यांच्या वस्तीवर तू किती वेळा गेलीस? निर्णय तू घेतेस की घरातलं दुसरं कुणी? पैसा कुठून आणणार? आणि शेवटचा, दिल्लीत जाऊन आमच्यासाठी कोणता कायदा मागशील?

शेवटच्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. कोयत्याची उचल नवऱ्याच्या नावावर, मजुरी जोडीची. बाई राबते आणि तिचा हिशेबच नाही. तिचं नाव कागदावर यावं असा कायदा." त्या गावातून दर वर्षी दिवाळीनंतर अर्ध्या बायका तोडीला जातात. कुणी हसलं नाही. काकू, त्याच 'घरचं बघ' म्हणणाऱ्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्यांची सून आत्ताही फडातच आहे.

दलित वस्तीतल्या एका ताईने मात्र स्पष्ट सांगितलं, "सरपंचताई, आमच्या नळाला पाणी चढेपर्यंत मी तुझी सूचक व्हायची नाही." सरपंचताई म्हणाली, "बरोबर आहे तुझं." तिने ते वहीत लिहून घेतलं.

सरपंचताई लोकसभेला उभी राहिली का, असं तुम्ही विचाराल. अजून नाही. तिने ठरवलंय की आधी आपल्याच सर्वसाधारण झालेल्या सरपंचपदासाठी पुन्हा अर्ज भरायचा. मग पंचायत समिती, जिल्हा परिषद, जमेल तसं. लोकसभेचं तिने सोडलेलं नाही. "तोवर तुम्ही मला प्रश्न विचारत राहा," म्हणाली, "म्हणजे सवय राहील."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते लिहून झाले की पाच मिनिटं काढा. तुमच्यातल्या ज्या बाईने पंचायतीत काम केलंय, तिला उभं करा आणि विचारा, काय केलंस, काय राहिलं. आणि मोठी निवडणूक आली की दारात येणाऱ्या उमेदवाराला आधी ते पाच प्रश्न विचारा, मग चहा टाका.

आणि कुणी म्हणाली, मी लोकसभेला उभी राहते, तर निदान हसू नका. आम्ही हसलो होतो आणि एका बाईचा महिना गेला त्यात.

नळाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या बैठकीनंतर सरपंचताई आणि त्या वस्तीतल्या चौघीजणी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात दोनदा जाऊन आल्या. साहेब मोजमाप घेऊन गेलेत. पाणी अजून चढलेलं नाही. चढलं की याच रेडिओवर सांगू.

नमस्कार.